शेरा

कपाटाची किल्ली माझ्याकडे आली
तेव्हा तिच्यासोबत एक यादी आली :
पुस्तके दोनशे बारा. स्थिती उत्तम.
सही, शिक्का, आणि खाली लाल शाईत
"एकही पान फाटलेले नाही."

मखमलाबादच्या कडेला आमची शाळा.
खिडकीतून द्राक्षबाग दिसते,
फवारणीच्या दिवशी खिडक्या लावून
आम्ही पाढे म्हणतो.

कपाट उघडलं.
पानं एकमेकांना चिकटलेली,
सोडवताना आवाज यायचा
लग्नातला ठेवणीतला शालू उलगडल्यासारखा.
नऊ वर्षं उत्तम स्थितीत,
कुणाची तरी वाट बघत.

मुलं दाराशीच थबकली.
"हात धुऊन येऊ का बाई?" गायत्रीने विचारलं.
मी म्हटलं, असेच या.

पहिला आठवडा नुसती चित्रं बघण्यात गेला.
दुसऱ्यात मारामारी झाली, पुस्तकावरून.
ती सोडवायला मी जरा उशीरच केला.

मग पुस्तकं घरी जायला लागली
आणि परत येताना एकेकटी आली नाहीत.
एकावर तर्रीचा डाग,
सोहमच्या पप्पांची मिसळीची गाडी आहे पेठ नाक्यावर.
एकात खुणेला द्राक्षाचं पान,
त्याच्या शिरा राजकन्येच्या गालावर उमटलेल्या.
एकाच्या मागच्या कोऱ्या पानावर
कुणाच्या तरी आईने दुधाचा हिशोब मांडलेला,
आणि त्याखाली, वेगळ्या, सावकाश अक्षरात :
"गोष्ट चांगली आहे. दुसरी पाठवा."

नवनाथ चारोस्कर, इयत्ता तिसरी.
ऑक्टोबर छाटणीला पेठहून आलेलं घर,
पॅकिंग शेडमागची एक खोली.
महिनाभर तो एकाच शब्दावर बोट ठेवून बसायचा,
थंड पाण्यात उतरण्याआधी
काठावर उभं राहतात तसा.
एका दुपारी बोट सरकलं.
मग ते थांबेचना.

त्याने नेलं ते बिबट्याचं पुस्तक.
आठवड्याने दिलं, मान खाली घालून.
शेवटचं पान नव्हतं.
"फाटलं का रे?"
"फाडलं."
"का?"
बराच वेळ काहीच नाही. बाहेरून ट्रॅक्टर गेला.
"त्यात त्याला मारतात."

मागच्या थंडीत उसाच्या बांधाला लावलेल्या पिंजऱ्यात
त्याने एक खरा पाहिला होता.
सगळं गाव मोबाईल वर धरून उभं.
"तो दमला होता बाई,"
एवढंच बोलला त्याबद्दल.

नियम आहे, किंमत वसूल करावी. रुपये चाळीस.
मी नोंदवही काढली.
पुस्तक क्रमांक सत्त्याऐंशी. शेवटचे पान नाही.
कारणाच्या रकान्यात आधीच्या बाईंनी
शिकवून ठेवलेले शब्द होते :
वाळवी, ओल, गहाळ.
पेन जरा थांबलं.
मग मी लिहिलं : वाचले.

आता सत्त्याऐंशी नंबरला रांग असते.
ज्याचा त्याचा शेवट वेगळा.
कुणाचा बिबट्या रामशेजवर जाऊन झोपतो,
कुणाचा रात्री गंगेवर पाणी पिऊन
गुपचूप माघारी वळतो,
सोहमचा तर मिसळ खाऊन तोंड पोळून घेतो
आणि पुन्हा गावाकडे फिरकत नाही.
गायत्री म्हणते, तिचा अजून ठरला नाही,
पुस्तक आणखी दोन दिवस लागेल.

हंगाम संपला, नवनाथचं घर गेलं.
दाखला न्यायला कुणी आलं नाही.
पण जायच्या आदल्या संध्याकाळी
शाळा बंद करताना मला कपाटात
एक फट दिसली, एका पुस्तकाएवढी.
मी शेजारची पुस्तकं सरकवून ती बुजवली नाही.

यंदाची यादी वर पाठवायची आहे.
पुस्तके दोनशे अकरा.
स्थिती : डाग आहेत, कोपरे दुमडलेले,
दोन शिवणीतून सुटलेली,
एकाला सतत खोबरेल तेलाचा वास.
एक पुस्तक पेठच्या रस्त्याला गेलं आहे.
कुठवर वाचून झालं
ते समजलं की कळवते.